कुलूप नसलेलं संग्रहालय

"इथून लेकराले काय दिसन?" असं म्हणत बाई कुठल्याही खोलीत आधी उकिडव्या बसत आणि चहूकडे बघत. नऊवारीचा घोळ धुळीत लोळला तरी त्यांना पर्वा नसे. असं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. ते बसलं की आपल्यालाही उभं राहवत नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास मी यवतमाळला बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर होतो. जुन्या बाजारपेठेतलं कापसाचं एक रिकामं गोदाम मुलांच्या संग्रहालयासाठी मिळालं होतं. नकाशा माझा, कल्पना बाईंची. त्या मुलींच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मी आखलेल्या खिडक्यांसमोर त्यांनी मला खाली बसवलं. मला नुसतं आभाळ दिसलं. खिडक्या खाली आल्या.

समितीला काचेची कपाटं, कुलपं आणि 'हात लावू नये' अशा पाट्या हव्या होत्या. बाई म्हणाल्या, "हातच लावाचा नाही, त लेकरायले बोलवाचं कायले?" शेवटी दिवाळीपर्यंत सगळं उघडं ठेवून बघू, असं ठरलं.

बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्याच्या नाईकांनी आपल्या आजोबांच्या बैलाची झूल दिली होती. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. आरशांची, कवड्यांची ती झूल मुलांची फार लाडकी. एके दिवशी ओढाओढीत ती मधोमध फाटली, कवड्या फरशीवर सांडल्या. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष कुलपं घेऊनच आले.

बाईंनी वाद घातला नाही. झूल पिशवीत घातली आणि मला घेऊन मोटारीनं तांडा गाठला. नाईकांसमोर त्यांनी झूल पसरली. झालेलं सगळं सांगून, तुमची वस्तू आम्हाला सांभाळता आली नाही, परत घ्या, म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. नाईक फाटलेल्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिले. त्यांची म्हातारी बायको त्यांच्याशी गोरबोलीत काही बोलली, मग बाईंजवळ येऊन बसली.

"रडून राह्यल्या काहून, बाई? बैलाच्या पाठीवर हे कितीदा फाटली. मीच शिवत होती."

पुढच्या आठवडी बाजाराला ती सुई-दोरा घेऊन संग्रहालयात आली आणि मुलांच्या गराड्यात झूल शिवायला बसली. मुली कवड्या पुरवत होत्या. तिनं त्यांच्याही हातात सुई दिली. अध्यक्ष दारात बराच वेळ उभे होते. जाताना कुलपं परत घेऊन गेले. दुरुस्तीचा तो कोपरा मग कायमचाच झाला.

पुढे मी गावोगाव शाळा बांधल्या. एखादी इमारत कुणी वाखाणली की मी मनातल्या मनात बाईंना नमस्कार करतो.

बाई भावाकडे पुसदला कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा आम्ही सगळे मोटारस्टँडवर जमलो होतो. तीच शेवटची भेट. मोटार हलली, आम्ही हात वर केले. बाईंचं लक्षच नव्हतं. शेजारची रडवी पोर त्यांनी मांडीवर घेतली होती आणि दोघी मिळून स्टँडच्या छपरावरची वानरं बघत होत्या.