आप्पांचे बिनटाक्यांचे ऑपरेशन

लेखन हा माझा प्रांत नव्हे. त्यातून सासऱ्यांच्या मूत्राशयाविषयी सुनेने लिहावे, हे तर धाडसच. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे आप्पा दुखणे टाक्यांवर जोखत. खुलताबादकडचा कोणी शेतकरी ऑपरेशन होऊन घरी आला की ते भेटायला जात, आधी टाके पाहत आणि मग तब्येत विचारत. त्यांच्या स्वतःच्या पोटावरची अपेंडिक्सची खूण माझ्या माहेरच्यांनी साखरपुड्यातच पाहिली होती.

अशा माणसाच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. आम्ही त्यांना गावाहून शहरात, पुंडलिकनगरला आमच्या घरी आणले. तपासणीत मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट न फाडता, देहाच्या नैसर्गिक वाटेने दुर्बीण घालून ती खरवडून काढली. आप्पा लवकरच घरी आले आणि खट्टू होऊन बसले. भेटायला आलेल्या त्यांच्या मेहुण्यांनी रिवाजाप्रमाणे टाके दाखवायला सांगितले.

"आतून केलं," आप्पा पुटपुटले.

"आतून म्हंजे कुठून?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी चहा ठेवायला उठले. मेहुण्यांचे हसणे स्वयंपाकघरात बराच वेळ ऐकू येत होते.

अशी गाठ पुन्हा उगवते, म्हणून ठरावीक काळाने दुर्बिणीने पाहावेच लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आप्पांनी साफ नकार दिला. "टाकाच नाय, तर आजार कशाचा? अन् त्या वाटंनं पुन्हा? नाय." त्यांचा मुलगा रागावला, मुली रडल्या, आप्पा गावी जायला पिशवी भरू लागले. तेव्हा त्यांच्यासमोर कधी न बोललेली मी दाराआडून म्हणाले, "आप्पा, हराळी एकदा खुरपली की रानाकडे पुन्हा बघायचं नसतं का?"

मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"हराळी नाय, सूनबाई. कुंदा म्हण. त्या तणाची मुळी लई खोल असती."

पुढच्या तपासणीत खरोखरच एक बारीक कोंब सापडला आणि त्याच वाटेने निघाला. तेव्हापासून आप्पांनी टाके पाहणे सोडले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या वयस्कर गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवून ते विचारत, "पाव्हणं, लघवी लाल होती का कधी? लाजू नका, कापाकापी नाय." पुष्कळजण मठ्ठा अर्धवट टाकून उठत. एक जण मात्र उठला तो थेट दवाखान्यात गेला.

आप्पा पुढे पुष्कळ वर्षे जगले आणि गेले ते हृदयविकाराने. आता आमच्याकडच्या पंगती निवांत असतात. जेवताना कोणी कोणाला असले काही विचारत नाही. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कोण विचारते?