कोरडं वाचन

ताईंचा आवाज एकदा ऐकलेला माणूस त्याबद्दल बोलायचा थांबत नसे. पण गंमत अशी की त्या जाहिरात कंपनीत गेल्या कित्येक वर्षांत तो आवाज कुणी धड ऐकलाच नव्हता. नवी मंडळी नुसत्या वर्णनावर दिवस काढत होती.

मास्तर हे त्या नव्या मंडळींपैकीच. नवे म्हणजे कामाला नवे. वयाने चांगले चाळिशी ओलांडलेले, टाळूवरचे केस निरोप घेऊ लागलेले. आधी शाळेत भाषा शिकवायचे. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी लिहिलेली नाटुकली एका पालकाने पाहिली, तो पालक या कंपनीचा मालक निघाला, आणि "मास्तर, तुम्ही इथे फुकट चालला आहात" एवढ्या एका वाक्यावर मास्तरांनी कायमची नोकरी सोडून दिली. बायकोने आधी अबोला धरला. मग अबोला सोडून म्हणाली, "आता निदान नाव तरी काढा."

पहिले काही दिवस मास्तरांना वाटे, आपण चुकून कुणाच्या तरी घरात शिरलोय. एक जण गालिच्यावर उताणा पडून छताकडे बघतोय. एक मुलगी टेबल टेनिसच्या टेबलावर मांडी घालून बिस्किटं खातेय. तिसरा भिंतीवर चेंडू आपटून परत झेलतोय, आणि कुणी काही बोलत नाही, कारण तो म्हणे टूथपेस्टचा विचार करतोय. शाळेत या तिघांनाही मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे तेच तिघे कंपनीचे आधारस्तंभ होते. कुणाला झकास काही सुचलं की कोपऱ्यातली पितळी घंटा वाजवायची, अशी तिथे पद्धत होती. घंटा झाली की मास्तर सवयीने खुर्चीतून उठून उभे राहत आणि मग ओशाळून पाणी प्यायला जात.

त्यांच्या लिखाणासाठी मात्र ती घंटा एकदाही वाजली नाही. बिस्किटांची जाहिरात नापास, छत्र्यांची नापास, पंख्याची तर साहेबांनी अर्ध्यातच थांबवली. साहेब म्हणजे तेच, फुकट चालला आहात म्हणणारे. मनाने चांगला माणूस, त्यामुळे वाईट बातमी द्यायला त्यांना फार वेळ लागे. एक दिवस त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी दिली, मुलांची चौकशी केली. तेव्हाच मास्तर काय ते समजले.

"कुलूपवाल्यांचं काम तुमच्याकडे देतोय," साहेब म्हणाले. "त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडत चाललाय. हे जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मास्तर, मला तुम्हाला ठेवून घेता येणार नाही. माझे हात बांधलेत हो."

शाळेतली त्यांची जागा केव्हाच भरली होती. घरी हे सांगायची सोय नव्हती. मास्तरांनी कॉफी संपवली आणि कुलपांची माहिती देणारी पत्रकं काखोटीला मारून ते बाहेर आले.

आता ताईंचं काम काय, ते सांगायला हवं. जाहिरातीची फिल्म बनते नंतर. आधी ती नुसती कागदावर असते. तो कागद गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर कुणीतरी वाचून दाखवायचा असतो, आणि तेवढ्या पाचेक मिनिटांत फिल्म जन्माला येते नाहीतर कचऱ्यात जाते. त्या कंपनीत हे वाचण्याचं काम ताईंचं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. साहेबांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. साहेबांच्या वडिलांच्या वयाचे हिशेबनीससुद्धा.

गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी ताई प्रत्येक कागद कंपनीतल्या सगळ्यांपुढे वाचत. याला म्हणायचं कोरडं वाचन. आवाजात चढ नाही, उतार नाही, कुठे थांबणं नाही, हसणं नाही. विजेचं बिल वाचावं तसं वाचायचं. ऐकणाऱ्यांना पूर्ण मोकळीक: फोन बघा, नखं कुरतडा, उठून गेलात तरी चालेल. ताई कागदाकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत. कुणाची मान वर झाली की त्या ओळीशेजारी पेन्सिलीने ठिपका देत. वाचून झालं की ठिपक्यांचा कागद लेखकाच्या हातात. शेरा नाही, सल्ला नाही, काही नाही.

मास्तरांना आधी हा प्रकार म्हणजे भाषेचा खून वाटला. जन्मभर त्यांनी पोरांना सांगितलं होतं, शब्दात जीव ओता, जीव! आणि ही बाई कमावलेला आवाज असून त्याला कुलूप घालून ठेवते म्हणजे काय? तेव्हा चित्रकारीण बाईंनी, फिल्मची चित्रं काढणाऱ्या आणि कंपनीत सगळ्यांत जुन्या असलेल्या बाईंनी, त्यांना बाजूला घेऊन ती गोष्ट सांगितली.

"अहो, पूर्वी ताई वाचायला लागली ना, की माणसं श्वास घ्यायची विसरायची. शपथेवर सांगते. म्हातारा बोलला की समोर म्हातारा दिसायचा. पाऊस म्हटलं की मी स्वतः खिडकी लावायला उठलेय. काहीही विकलं जायचं. एकदा गाद्या बनवणारा एक छोटा कारखानदार आला होता. आमच्याकडचा कागद अगदी सुमार होता हो, पण ताईने असा वाचला की तो माणूस रडला. होतं नव्हतं ते सगळं त्या फिल्मवर लावलं त्याने. फिल्म झाली, लागली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तो नंतर इथे आला. आम्हाला वाटलं, आता भांडणार. तर ताईला म्हणाला, 'बाई, तुम्ही सांगितलेली फिल्म मला अजून डोळ्यांसमोर दिसते. ती कुणी काढलीच नाही.' एवढं बोलून गेला. तेव्हापासून हे असं."

मास्तरांना पहिल्यांदाच त्या ठेंगण्या बाईची थोडी भीती वाटली, देवळात शिरताना वाटते तशी.

कुलपाचा पहिला कागद मास्तरांनी जीव तोडून लिहिला. अंधारी गल्ली, काळे कपडे घातलेला चोर, किल्ल्यांचा जुडगा, ढोलांचा आवाज, शेवटी कुलूप जिंकतं आणि चोर कपाळाला हात लावतो. ताईंनी तो वाचला. चोर गल्लीत आला तेव्हा चेंडूवाल्याने जांभई दिली. ढोल वाजले तेव्हा दोघं चहाला निघून गेले. मास्तरांचे कान तापले. वाचून संपलं आणि ताईंनी कागद पुढे केला. त्यावर एकच ठिपका होता.

तोही कुठे? चोराजवळ नाही, कुलपाच्या विजयाजवळ नाही. अगदी सुरुवातीला, चोर यायच्याही आधी, मास्तरांनी सहज लिहून टाकलेली एक ओळ होती: मालक कुलूप लावतो, ओढून बघतो, जिना उतरतो, परत येऊन पुन्हा ओढून बघतो.

"इथे काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"इथे सगळ्यांनी मान वर केली," ताई म्हणाल्या. "हिशेबनीस तर हसले. मी त्यांना हसताना पाहिलेलं मला आठवत नाही."

मास्तर तो ठिपका बघत बसले. एवढी वर्षं त्यांनी पोरांचे निबंध तपासले होते, लाल शाईने पानं भरून टाकली होती. पण पोर नेमकं कुठे जिवंत झालंय ते त्यांनी कधी शोधलं होतं का? इथे एक बाई स्वतःचा गळा बंद करून, दुसऱ्याच्या रद्दीत एक धुगधुगी शोधत होती. आणि ती तिला सापडत होती! मास्तरांना कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं.

चोर हाकलला. ढोल हाकलले. उरला फक्त तो माणूस, ते दार आणि ते कुलूप. आणि जिन्याखाली उभी राहून "बाबा, उशीर होतोय" म्हणणारी त्याची मुलगी. कागद लिहून झाला तेव्हा एक गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली. ताईंचे वडील गेल्या वर्षीच गेले होते. शेवटपर्यंत ताईंजवळच होते. सकाळी दोघं बरोबरच घराबाहेर पडायची, ते फिरायला आणि ताई कामाला. सगळं ऑफिस तेव्हा भेटायला गेलं होतं.

मास्तर घुटमळत ताईंच्या टेबलाशी गेले. "ताई, यात वडील आहेत. म्हणजे, आपल्याला त्रास होत असेल तर दुसरं कुणी..."

ताईंनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला त्रास होतो की नाही, याच्याशी गिऱ्हाइकाचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. त्या दिवशीच्या कोरड्या वाचनात कागदावर इतके ठिपके पडले की पेन्सिलीला टोक करावं लागलं. घंटा मात्र साहेबांनी वाजवू दिली नाही. म्हणाले, आधी कुलूपवाल्यांना पटू दे.

कुलूपवाल्यांचं ऑफिस एका उंच इमारतीत मधल्या कुठल्याशा मजल्यावर होतं. बाहेरच्या बाकावर बसले असताना मास्तरांचा धीर सुटला.

"ताई, आजचा दिवस फक्त. तुमच्या खऱ्या आवाजात वाचा हो. माझं सगळं यावर आहे. घरी अजून काही सांगितलेलं नाही मी."

ताईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, परीक्षेत एखाद्या लाडक्या पोराचा पेपर तुम्ही कधी लिहून दिला होता?"

"छे!"

"मग?" ताई म्हणाल्या, आणि दार उघडलं म्हणून उठल्या.

आत लांब टेबल, भिंतीवर काचेच्या कपाटात जुनी कुलपं. टेबलाच्या टोकाला कुलूप कंपनीचे मालक, पांढऱ्या भुवयांचे, आधीच कंटाळलेले. आजूबाजूला त्यांची चार माणसं. साहेबांनी प्रास्ताविक केलं, जरा जास्तच गोड. मग ताई वाचू लागल्या.

"एक दार. एक माणूस कुलूप लावतो. ओढून बघतो. जिना उतरतो. परत येतो. पुन्हा ओढून बघतो. खाली लहान मुलगी उभी आहे. ती म्हणते, बाबा, उशीर होतोय."

मालकांची एक भुवई हलली. ताई वाचत राहिल्या, तशाच, सपाट. दाराचा रंग बदलतो. मुलगी शाळेच्या दप्तराऐवजी कॉलेजची पिशवी घेऊन उभी. बाबा, उशीर होतोय. पुन्हा रंग बदलतो. आता तो माणूस काठी टेकत जिना चढतो, कुलूप ओढतो, आणि खाली ती, केसांत पांढरी बट आलेली, मान हलवून हसते.

"तेच दार. आता मुलगी एकटी आहे. ती कुलूप लावते. जिना उतरते. थांबते. परत वर..."

आणि ताईंचा आवाज फुटला.

एकच क्षण. पण त्या क्षणात ते दार खोलीत येऊन उभं राहिलं. मास्तरांना जिन्याच्या पायऱ्या दिसल्या, कठड्यावरचा हात दिसला, कुलपावर बोटांनी झिजलेली जागा दिसली. हाच तो आवाज! अंगावर सरसरून काटा आला. टेबलापलीकडे एका माणसाने मान खाली घातली. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जमलं, मास्तरांच्या मनात आलं, देवा, जमलं, आता फक्त पुढे वाचा.

ताई थांबल्या. पेल्यातलं पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "माफ करा. हे मी बरोबर वाचलं नाही. शेवटचा भाग पुन्हा वाचते."

साहेबांचा चेहरा उतरला. मास्तरांना क्षणभर ओरडावंसं वाटलं: तोंडाशी आलेला घास आहे हो हा, माझा घास! पण ताईंच्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं. कागदाची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. आणि तशा बोटांनी कागद धरून ती बाई, आतून उन्मळून आलेलं सगळं गिळून, विजेचं बिल वाचू लागली.

"तेच दार. आता मुलगी एकटी आहे. ती कुलूप लावते. जिना उतरते. थांबते. परत वर येते. ओढून बघते. खाली कुणी नाही. अक्षरं येतात. आमचं कुलूप ओढून बघायची गरज नाही. तरी तुम्ही बघालच. संपलं."

मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला होता. आपण कुठल्या माणसाशेजारी बसलोय हे त्यांना उमगत होतं आणि त्यापुढे नोकरी, घर, बायकोचा अबोला सगळं लहान वाटत होतं. राहिली तर राहिली, गेली तर गेली. हे बघायला मिळालं.

मालकांनी कपाटातल्या जुन्या कुलपांकडे एकदा पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, पहिल्यांदा वाचलंत ना, तेव्हा मला तुम्ही दिसलात. दुसऱ्यांदा वाचलंत तेव्हा माझे वडील दिसले." त्यांनी साहेबांकडे वळून पाहिलं. "काढा ही फिल्म. आणि त्या शेवटी कसलं संगीतबिंगीत घालू नका."

साहेब बाकीचं बोलायला मागे थांबले. मास्तर आणि ताई दोघंच लिफ्टमध्ये शिरली. दार लागलं. ताई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"राहिली तुमची नोकरी, मास्तर."

"हो, ताई."

"मग आता खाली पोचेपर्यंत मला जरा रडू द्या."

मास्तरांनी तळमजल्याच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. पाठ ताईंकडे करून ते दाराकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी सगळ्यांत वरच्या मजल्याचं बटण दाबलं.