टाचेचा कौल

"धावपट्टी दगडासारखी आहे, खुशाल या," असं मी रेडिओवर सांगितलं आणि थोड्याच वेळात मिशनच्या विमानाचं पुढचं चाक चिखलात रुतलं. पट्टीचं खालचं टोक डुकरांनी गांडुळांसाठी उकरून ठेवलं होतं, वरून पाऊस. मी तिथवर गेलोच नव्हतो. डोंगरापलीकडच्या हागेन शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकून आलेला माणूस, सकाळच्या थंडीत चिखल कशाला तुडवेल?

कुणाला खरचटलंही नाही. पायलट रूडी खाली उतरला, त्यानं चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि देवाचा माणूस असल्यामुळे शिवी गिळली. अख्ख्या वाडीनं दोर लावून विमान बाहेर ओढलं. दोराच्या पुढच्या टोकाला माझा मामा होता, केपासो. पट्टीवरचं गवत कापणं, डुकरं हाकणं, चर मोकळे ठेवणं ही कामं तो माझ्या जन्माआधीपासून करतोय. रेडिओ तेवढा इंग्रजीमुळे माझ्याकडे आला.

"भाच्या," मामानं चिखलाचे हात माझ्याच शर्टाला पुसले, "तुमच्या शाळेत दगड बघायला मिळाला होता का रे कधी?"

चिखलातून हलकंच उडता येईल म्हणून रूडी रिकामंच विमान घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "पट्टी पक्की झाल्याशिवाय येणार नाही. आणि जोनास, यापुढे केपासोची टाच काय म्हणते ते कळव. तू काय म्हणतोस ते नको."

टाचेचं असं, की मामा पट्टीवर जागोजागी अनवाणी टाच हाणत चालतो. टाच रुतली तर विमान नाही. एवढंच शास्त्र.

मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्याच विमानानं यांबिन मामी हागेनला जायची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीतला जाळ तेवढा तिला कळायचा, बाकी जग धुकं. डोळ्यांचे डॉक्टर हागेनला आले होते, ते पुढच्या शनिवारपर्यंतच राहणार होते. आमच्याकडे रस्ता नाही. डोंगरातली पायवाट आहे, तिच्यावर ओंडक्यांचे पूल आहेत, आणि त्या पुलांवर डोळस माणूससुद्धा देवाचं नाव घेतो.

मामी मात्र मलाच धीर देत होती. "जाऊ दे रे. मी तुझ्या मामाला शेवटचं नीट बघितलं तेव्हा तो बरा दिसत होता. उगाच कशाला डोळे उघडायचे?"

मामा उठला, म्हणाला, "नाचायला लागेल."

ही पट्टी नाचूनच झाली होती. मिशनरी पायी आले तेव्हा यंत्र कुठलं? काठ्यांनी माती खणली, जाळीच्या पिशव्यांतून वाहिली, आणि मग आमच्या आणि वरच्या, दोन्ही वाड्यांनी ओळी करून, हातात हात घालून, ढोल वाजवत ती तुडवली. मामा तेव्हा पोरगा होता. पहिलं विमान उतरलं तेव्हा सगळे पळाले आणि मी एकटाच उभा राहिलो, असं तो सांगतो. त्याच्या वयाचा प्रत्येक म्हातारा हेच सांगतो. इतके जण एकटे उभे होते, तर पळालं कोण, हे अजून कळलेलं नाही.

आमच्या वाडीनं नदीची वाळू-गोटे आणून उकरलेला भाग भरला. पण तुडवायला पाय कमी. वरच्या वाडीशी आमचं रताळ्याच्या बागेच्या कुंपणावरून बोलणं बंद. मामा तरीही त्यांचा म्हातारा इपाटा याच्या दारात जाऊन बसला. मी मागे होतो.

"इपाटा, पट्टीचं वरचं टोक तुझ्या बापानं तुडवलं, खालचं माझ्या."

"म्हणून तर खालचंच रुतलं."

"खरंय. तुमचे पाय जड. तेव्हा होते म्हणा. आताच्या पोरांचे काय, कोंबडीचे पाय."

दुसऱ्या दिवशी सगळी वरची वाडी पट्टीवर हजर. पिसं, ढोल, अंगाला डुकराची चरबी. पास्टर धावत आले. "जुने नाच चर्चनं बंद केलेत!"

"पास्टर," मामा म्हणाला, "तुमच्या चर्चचं छप्पर ज्या विमानातून आलं, ते कशावर उतरलं होतं?"

पास्टरनी जरा विचार केला आणि तडजोड सांगितली: नाच करा, गाणी मात्र प्रार्थनेची. मग काय! येशूच्या गाण्यावर दोन वाड्या एकमेकींवर कुरघोडी करत दाणदाण पाय आपटत होत्या. पास्टरचे बूटसुद्धा ओळीत दिसले.

गुरुवारी सकाळी रेडिओवर रूडी वाट बघत होता. मामा टाच हाणत खालच्या टोकापर्यंत गेला. एका जागी थांबला. तिथंच परत हाणली.

"मामा, काय सांगू?"

तो घराकडे बघत होता. दारात मामी कपडे बांधून बसली होती. जरासं तर मऊ असेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही म्हण," मामा म्हणाला. "त्या रूडीलाही घरी बायको आहे."

मी नाही म्हणालो. मामीनं गाठोडं सोडलं नाही, नुसतं मांडीवर घेतलं.

त्या दिवशी ऊन पडलं. न बोलावता दोन्ही वाड्या परत आल्या आणि गाणी संपली तरी तुडवत राहिल्या. शुक्रवारी टाच कुठंच रुतली नाही. मामानं मान हलवली आणि माझ्या आवाजाला रेडिओवर इतका जोर आला की रूडी म्हणाला, "ओरडू नकोस, ऐकू येतंय."

विमान उतरलं. चाकं कोरडी. पण रूडीनं काट्यावर ठेवलेली शहराला जायची पोती बाजूला काढायला लावली आणि सांगितलं, "पट्टी अजून नवी आहे, आज हलकंच उडणार. एकच माणूस."

एक जागा होती, ती इपाटाची; यादीत त्याचं नाव मामीच्याही आधीपासून होतं. मुलीच्या घरी नातू झाला होता, बघायला निघाला होता बिचारा. त्यानं मामीकडे पाहिलं, आपलं गाठोडं खाली ठेवलं.

"नातू कुठं पळतोय? पण केपासो, तुझा तो लाल शेपटीचा कोंबडा माझा."

"दिला!" मामा म्हणाला.

रूडीनं टोपी काढून प्रार्थना केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मामाचे उघडे होते, मामीवर. ती एकटी, पहिल्यांदाच विमानात. तिनं हात हलवला, पण चुकीच्या बाजूला. मामा धावत जाऊन त्या बाजूला उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात ती आली. शिडीवरून उतरून तिनं थेट मामाकडे बघितलं, बराच वेळ.

"बाई गं," ती म्हणाली, "मी म्हणत होते तेच खरं. कशाला डोळे उघडले!" आणि रडत रडत त्याच्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत राहिली.

इपाटा दर रविवारी चर्चनंतर आमच्या अंगणात येतो. "काय केपासो, माझा कोंबडा?"

मामा मामीकडे बोट दाखवतो. मामी कोंबड्याला कणसाचे दाणे टाकत असते.

"थांब रे इपाटा," ती म्हणते. "काय रंग आहे मेल्याचा! आत्ता कुठं बघायला लागलेय मी त्याला."