मिलकाची नोंद

आम्ही इस्राएलला यायला ठाणं सोडलं तेव्हा मिलकाला जाऊन पाच दिवस झाले होते. टॅक्सी दारात उभी होती, टपावर ट्रंका बांधून झाल्या होत्या आणि आई घरात कुठेच सापडत नव्हती. शेवटी तुझे वडील, माझे मामा, तिला कब्रस्तानातून हाताला धरून घेऊन आले. तिच्या लुगड्याच्या काठाला ओली माती लागली होती. बाबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त टॅक्सीचं दार उघडून धरलं. एलिझा, तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. आत बसता बसता आई तुला म्हणाली होती, "मिलकाला उठवू नकोस हं, आत्ताच डोळा लागलाय तिचा." आपण सगळ्यांनी ते ऐकलं.

तू परवाच्या पत्रात विचारलंस, सिमाआत्याने, म्हणजे माझ्या आईने, इथे आल्यावर पहिलं दीड वर्ष एकही पत्र का लिहिलं नाही? आता आई नाही, बाबाही नाहीत. माझ्याशिवाय सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

मिलका आठ वर्षांची होती. टायफॉईडने अकरा दिवसांत गेली. बाबांनी मिलमधली नोकरी सोडली होती, खोली दुसऱ्याला दिली होती, विमानातल्या जागा ठरल्या होत्या. बाबांच्या पासपोर्टवर आईचं आणि आम्हा दोघी बहिणींचं नाव होतं. मिलकाचं नाव काढायचं तर पासपोर्ट परत कचेरीत द्यायचा, आणि तो दिला की जागा गेल्या. पुन्हा कधी मिळतील कोणी सांगावं? बाबा म्हणाले, "तिथे पोचल्यावर सांगू." तेवढ्यावर आम्ही निघालो.

इस्राएलला उतरलो तेव्हा बाबांना पुरुषांच्या रांगेत जंतुनाशक पावडर फवारायला नेलं आणि आई नि मी एका टेबलासमोर आलो. टेबलामागची बाई मोडकं इंग्लिश बोलत होती. तिने पासपोर्टवरच्या नावांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मुलं किती?"

"दोन," आई म्हणाली. कोणी कधीही विचारलं की ती म्हणायची तसंच.

मी चौदा वर्षांची होते, मिशनच्या शाळेत शिकलेली. एक वाक्य बोलणं मला अवघड नव्हतं. मी टेबलाकडे बघत राहिले. धाकटी बापाबरोबर असेल असं त्या बाईने धरलं असावं. चार कागदांवर चार शिक्के पडले.

आम्हाला किर्यात मलाखीच्या माबारात पाठवलं. माबारा म्हणजे नव्याने आलेल्यांची छावणी. पत्र्याच्या खोल्या, मधून चिखल, नळाला रांग. यादीत चार नावं, म्हणून चार लोखंडी खाटा मिळाल्या, चार घोंगड्या आणि रेशनचे चार पिंकास, म्हणजे चार पुस्तकं. त्या चौथ्या पुस्तकावर मिलकाचं नाव पाहिल्यावर बाबा मटकन खाली बसले.

"उद्या जाऊन परत करतो," ते म्हणाले.

"तिचं आहे ते," आई म्हणाली, आणि पुस्तक आपल्या ट्रंकेत ठेवून आली.

बाबा दोनदा कचेरीत गेले. त्यांना हिब्रू येत नव्हतं, कचेरीत कोणाला मराठी किंवा इंग्लिश येत नव्हतं. दोन्ही वेळा खिडकीतला माणूस म्हणाला, "माखार." उद्या. तिसऱ्यांदा बाबा गेले नाहीत. मला वाटायचं ते कंटाळले. आता वाटतं, खिडकीशी उभं राहून ते वाक्य बोलायची ताकद त्यांच्यातही नव्हती.

आई रोज सकाळी मिलकाच्या खाटेवरची चादर झटकायची आणि पुन्हा ताणून घालायची. अंडी मोजून मिळायची तेव्हा. मिलकाच्या वाटणीचं अंडं ती उकडून ताटलीत ठेवायची. ते गार झालं की शेजारच्या सुलिकाच्या मुलीला देऊन यायची. सुलिका मोरोक्कोची. भारतातली माणसं किती मोठ्या मनाची, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. पण मिलकाच्याच वाटणीचं दूध चहात घातलं की बाबा चहाला हात लावत नसत.

मी शाळेत जायला लागले आणि घरात हिब्रू समजणारी मी एकटी झाले. एका दुपारी शाळाखात्याचा माणूस वही घेऊन आला. मिलका एकदाही शाळेत आलेली नाही, ती कुठे आहे, असं त्याने विचारलं. आई माझ्या मागेच उभी होती. मेलेल्या माणसासाठीचा शब्द मला माहीत होता, राजांच्या गोष्टी शिकवताना वर्गात तो रोज यायचा. पण तो आईच्या देखत माझ्या तोंडातून निघेना.

"लो पो," मी म्हटलं. इथे नाही. "बे-होदू." हिंदुस्थानात आहे.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, एलिझा. त्याने ते लिहून घेतलं आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभराने टाइप केलेलं पत्र आलं. नोंद करताना चूक झालेली दिसते, असं त्यात होतं. तुमची लहान मुलगी भारतात राहून गेली आहे असं कळलं. ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र आणणं हे आमचं काम आहे, तरी ती सध्या कोणाकडे आहे त्यांचं नाव आणि पत्ता कळवा. तिला आणण्याची व्यवस्था करू.

आईने विचारलं, "काय लिहिलंय गं?"

मला गप्प बसता आलं असतं. बाबा मान हलवून मला नको नको म्हणत होते. पण मी अख्खं पत्र वाचून मराठीत सांगितलं. का सांगितलं, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं मलाच.

आई हसली. ठाणं सोडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "कधी?"

दुसऱ्या दिवशी तिने आपलं एक चांगलं लुगडं फाडून फ्रॉक शिवायला घेतला. सुलिकाच्या मुलीला समोर उभी करून ती माप घ्यायची आणि म्हणायची, "आता नववं संपत आलं असेल. उंच झाली असेल." बाबा उठून बाहेर जाऊन बसायचे. आणि मी? शाळेतून येताना नवीन माणसांची बस दिसली की मी थांबायचे. एकेक जण उतरायचा आणि मी शेवटचं माणूस उतरेपर्यंत बघत राहायचे. तिला मातीत ठेवताना मी पाहिलं नव्हतं, बायकांना नेलं नव्हतं. सरकारने शिक्का मारून लिहिलंय की ती येणार, तर चूक आमचीच कशावरून नसेल? असं खरंच मनात यायचं. रिकामी बस निघून गेली की मगच मी घरी जायचे.

शेवटी बाबांनी मामांना लिहिलं. मामांनी ठाण्याच्या नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला काढून पाठवला. बाबांनी तो टेबलावर ठेवला आणि कामावर निघून गेले. आईने तो उचलून माझ्यासमोर धरला. "वाच."

मी वाचला. नाव, बापाचं नाव, वय, आजार. आईने घडी घातली, ट्रंकेतून रेशनचं पुस्तक काढलं आणि चपला घातल्या. "चल."

खिडकीत एक म्हातारा क्लार्क होता, पोलंडचा. त्याच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग त्याला. मिलका आली नाही. ती येणार नाही. तिला मी ठाण्याच्या मातीत ठेवून आले."

ह्या वेळी मी तो शब्द वापरला.

त्याने दाखला उलटून पालटून पाहिला. "मग दोन मुलं असं सांगितलं कोणी?"

आईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. पोलीस येतील, आईला नेतील, असं मला वाटलं. क्लार्कने चष्मा काढला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला पण विचारलं होतं. मी पाच नावं सांगितली होती. बोटीतून उतरलो होतो मी एकटाच."

मी ते आईला सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

मग तो कामाचं बोलला. नोंदीवर काट मारतो, मूळची चूक होती असं लिहितो, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. मी भाषांतर केलं, तशी आई एकदम खिडकीला भिडली. "काट नको म्हणावं! चूक नव्हती ती. मेली असं लिही. पण लिही."

"इथे येण्याआधी मेलेल्यांसाठी या कागदावर जागा नाही," तो म्हणाला.

आई हलली नाही. मागची रांग ओरडायला लागली. शेवटी त्याने कागद आडवा केला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: मिलका, अमक्याची मुलगी, होदूमध्ये वारली. मला मोठ्याने वाचायला लावलं. आईने रेशनचं पुस्तक स्वतःच्या हाताने खिडकीतून आत सरकवलं.

घरी येऊन ती जमिनीवर बसली, सुतक धरून बसतात तशी. संध्याकाळी बाबा आले, म्हणाले, "सिमा, दीड वर्ष झालं. आता बसायचं नसतं." ती उठली नाही. मग त्यांनीही बूट काढले आणि तिच्या शेजारी बसले.

सुलिका काहीतरी मागायला आली होती. दारातच थबकली. तिने मला विचारलं, "कोण?" मी सांगितलं. ती तशीच गेली आणि बायकांना घेऊन आली. एक रुमानियाची, एक बगदादची, दोघी तिघी आणखी. कोणी सूप आणलं, कोणी पाव. त्यांची भाषा आईला येत नव्हती, आईची त्यांना. दोन दिवस त्या येत राहिल्या. कोणीतरी मला नाव विचारलं. आईला तेवढं समजलं. "मिलका," ती म्हणाली. बायकांनी ते नाव एकेक करून उच्चारलं, प्रत्येकीने आपापल्या तऱ्हेने, आणि आई मोठ्याने रडली. टॅक्सीत रडली नव्हती, विमानात नाही, दीड वर्षात कधीच नाही.

त्याच आठवड्यात तिने मामांना पहिलं पत्र लिहिलं. तुमच्याकडे असेल अजून कुठेतरी.

तू लिहितेस, "आता तरी एकदा घरी ये." एलिझा, घर माझं इथेच आहे. ज्यांनी माझ्या बहिणीला कधी पाहिलंही नाही त्या बायका तिच्यासाठी जमिनीवर बसल्या, त्या दिवसापासून मी या गावाची झाले. नातवंडं माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देतात, त्याचंही मला काही वाटत नाही. फक्त घर म्हटलं की घरातली माणसं मोजावी लागतात, आणि कोणी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?", तर मी अजूनही लगेच म्हणते, "दोन." मग वाट बघते, समोरचा पुढचा प्रश्न विचारतोय का: दुसरी कुठे असते?