हिल्मा शुक्रवारी काय लिहायची

“ह्या घरात कुणी तोंडच उघडत नाही. माझी पोर मुकी होईल, आई.”

“गरज पडली की बोलेल. तुझे बाबा लग्नानंतर आठ दिवसांनी बोलले.”

माझी शेजारीण हिल्मा आणि तिची लेक राइली सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, भांडत होत्या. मी बाहेर टॉवेल धरून नंबराची वाट बघत होते. पुढच्याच आठवड्यात राइली स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेली. तिची दोन वर्षांची लेक आउती आजीकडे राहिली.

आणि हिल्मा बोलायला लागली. आमच्याकडे माणूस हवापाण्यावर दोन शब्द बोलला तरी पुष्कळ. ही बाई गोठ्यात दिवसभर पोरीशी बोलायची. “गाय हलतेय, कारण तुझे हात गार आहेत.” “दूध सांडलंस तर मांजर येईल.”

आधी आउती नुसतंच “कारण” म्हणायची. का रडतेस? कारण. पुढं काही नाही. आम्ही हसायचो. मग हळूहळू त्या शब्दाला शेपूट फुटलं. चार वर्षांची झाली तेव्हा मला म्हणाली, “जी गाय काल आजारी होती ती आज उठली, म्हणून मुम्मो हसली.” मुम्मो म्हणजे आजी. मी चार इयत्ता शिकलेली, मला एवढं एका दमात जमत नाही.

अशी वाक्यं लिहून हिल्मा दर शुक्रवारी लेकीला पाठवायची. स्वतःचा एक शब्द नाही.

“पोर इथंच राहू दे, असं लिही की गं,” मी म्हटलं.

“वाचून कळेल तिला.”

राइलीला कळलं ते वेगळंच. मे महिन्यात ती आली. “एवढं छान बोलतेय, आता तिकडं बालवाडीत घालते. तुला किती दिवस त्रास द्यायचा, आई?”

हिल्मा म्हणाली, “कॉफी घे.”

बसमध्ये चढताना आउती म्हणाली, “बूट इथंच ठेवते, कारण परत आल्यावर लागतील.”

उन्हाळ्यात ती यायची, पण दरवर्षी वाक्यं आखूड होत गेली. नवव्या वर्षी आमच्या भाषेतलं “दूध दे” एवढंच उरलं, बाकी सगळं स्वीडिश. पोरीला लाज वाटू नये म्हणून हिल्माही तिच्याशी दोन-दोन शब्दांत बोलायची. पत्रंही आता आउतीलाच, तशीच. बर्फ पडला. गाय बरी. मी बरी.

मार्चमधला तो शुक्रवार हिल्माचा शेवटचा, हे तिलाही ठाऊक नव्हतं. रस्ता निसरडा होता. “दे, मी टाकते,” मी म्हटलं.

“मला पाय आहेत.”

दुधाचे कॅन ठेवायच्या कट्ट्याजवळच्या टपालपेटीत तिनं पत्र टाकलं, झाकण दोनदा दाबून बघितलं, आणि गाईंची वेळ झाली म्हणून घराकडं वळली.