थापेश्वराची प्रदक्षिणा

आमच्या गावात गाभाऱ्यात हरिहरेश्वर आणि देवळाच्या पायरीवर थापेश्वर! हा दुसरा ईश्वर म्हणजे माझे वडील, अण्णा. यात्रेकरूंना प्रदक्षिणेला नेणं हे त्यांचं काम. देवळामागची टेकडी चढायची, कातळाच्या खिंडीतून खाली उतरायचं आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून समुद्राच्या कडेने परतायचं.

तिथल्या कातळाला लाटांनी अशी भोकं पाडली आहेत, की मधमाश्यांचं पोळंच वाटावं. त्यावर अण्णांची कथा दर खेपेला नवी. घाटावरच्या शेतकऱ्यांना ते सांगत, "इथे भीमाने वाल भिजत घातले होते." कोळणी आल्या, की त्याच भीमाने तिथे कालवं फोडलेली असत. आई कपाळाला हात लावी. "अहो, देव ऐकतोय!"

"ऐकू दे की. त्यालाही रोज तेच ऐकून कंटाळा येत असेल."

स्वराज्य आलं होतं, एस.टी. यायची होती, अशा दिवसांत दिवेआगरचे एक सुपारीच्या वाडीवाले मुलाला घेऊन मला बघायला आले. मुलगा मला बघताक्षणी आवडला, खोटं कशाला बोलू? अण्णा पाहुण्यांना प्रदक्षिणेला घेऊन निघाले, आईने मलाही पाठवलं. भोकांपाशी भीम चांगला रंगात आला आणि मुलाचे वडील थबकले.

"अहो, मागे मी आलो होतो तेव्हा ही रामाच्या बाणांची भोकं होती. ती कथाही दोन वाक्यांत उरकलीत. कथा बदलणारा माणूस उद्या बैठकीत दिलेला शब्दही बदलेल!"

सोयरीक मोडली, असंच मला वाटलं. अण्णा मात्र हसले.

"तेव्हा भरती लागली होती. भीमाला जेवायला वेळ लागतो हो, रामाचा बाण झटकन सुटतो. त्या दिवशी मी भीम काढला असता, तर आज सोयरीक करायला आपण उरला नसता!"

पाहुण्यांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि खो खो हसत सुटले. "मग आम्हीही रामाचीच कथा सांगतो. मुलगी पसंत आहे."

सगळे पुढे निघाले. अण्णा मागेच राहिले, पाठमोरे. मी हाक मारायला गेले तर ते उपरण्याने डोळे टिपत होते.

"लाट उडाली गं. खारं पाणी गेलं डोळ्यांत."

मी "हो" म्हटलं आणि पदराने माझेही डोळे पुसले. समुद्र तेव्हा पार लांब गेला होता.