दलदलीत गेलेले आतोबा

आत्याचं सगळं आयुष्य लाँड्रीत परक्यांच्या शर्टांना इस्त्री करण्यात गेलं. काम सुटल्यावर ती गावामागच्या दलदलीत एकटीच हिंडायला लागली.

"या वयात चिखल तुडवायचं खूळ कुठून शिरलं?" आतोबा कुरकुरायचे. एका सकाळी मात्र तेही काठीनं जमीन चाचपत तिच्या मागोमाग गेले आणि मध्यावर गुडघ्यापर्यंत रुतले.

"ओढू नका. नुसती टाच हलवत उभे राहा," आत्या म्हणाली.

ते उभे राहिले. लव्हाळ्यांतून धुकं सरकत होतं. एक पाणकोंबडी घरच्यासारखी त्यांच्या शेजारून चालत गेली. हळूहळू पाय सुटला, तरी आतोबा हलेनात.

"चला, जेवायचं नाही का?"

"थांब गं जरा," ते हळूच म्हणाले.